कंपन्यांनी काय दिलं, काय नेलं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, "तुम्ही एकतीस वर्षं कंपनीत काढली. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या रोजच्या जगण्याचं काय केलं, यावर बोला. पण कोणाची जाहिरात नको आणि कोणाची बदनामी नको." दोन्ही टाळून बोलायचं म्हणजे पथ्याचं जेवण. तरी प्रयत्न करतो. मतं माझी आहेत, सोसायटीची नाहीत. पटली नाहीत तर जेवताना भांडा, पण जेवून जा.

काल सकाळी मी नातवाला एक काम दिलं. म्हटलं, तू उठल्यापासून शाळेच्या गाडीत बसेपर्यंत आपल्या घरात किती कंपन्यांची नावं दिसतात, वहीत लिही. त्यानं सव्वीस लिहिली. टूथपेस्ट, साबण, चहा, दूध, बिस्किट, गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, पंखा, बूट, दप्तर, पाण्याची बाटली. मी विचारलं, "यातलं सोनगीरचं काय?" त्यानं घरभर बघितलं आणि देवघरातल्या तांब्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "पण त्याच्यावर नावच नाही."

खरंच नाव नाही. पण तो तांब्या कोणी ठोकला ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी.

मी तांबटाचा मुलगा. सोनगीरचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे खान्देशभर झालं, हे इथल्या मोठ्यांना सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. आपल्या गल्ल्यांमध्ये सकाळपासून हातोडीचा आवाज असायचा. पत्रा कापायचा, भट्टीत तापवायचा, ऐरणीवर ठोकायचा. ठोकून ठोकून धातू कडक होतो, मग पुन्हा तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. हंडा, कळशी, परात, तपेली, घंगाळ, बंब. शेवटी मठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठसे. आबा म्हणायचे, मठार बघून कारागीर ओळखू येतो. आग्रा रोडवरून जाणारे गाडीवाले थांबून भांडी घ्यायचे. लग्नसराईत तर आबांना जेवायला वेळ नसायचा.

आणि मी काय केलं? बी.कॉम. झालो आणि प्लास्टिकची भांडी बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्समन म्हणून लागलो. नाव सांगत नाही. धुळे, साक्री, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर हा माझा एरिया. बादल्या, टब, पाण्याच्या घागरी. आबा घरात पितळेची कळशी ठोकत होते आणि त्यांचा मुलगा बाजारात प्लास्टिकची कळशी विकत होता. एका घरात दोन्ही. महिनाअखेरीला माझं टार्गेट पूर्ण झालं की आबांचं एखादं गिऱ्हाईक कमी झालेलं असायचं. हिशेब सोपा होता, फक्त तो आम्ही दोघंही बोलून दाखवत नव्हतो.

आता तुम्हाला वाटेल, हा कंपन्यांच्या नावानं बोटं मोडणार. थांबा. पहिली प्लास्टिकची घागर आमच्या घरात कोणी आणली? मी नाही. माझ्या आईनं. शेजारणीकडे बघून आणली, स्वतःच्या पैशानं. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तांब्याचा हंडा रिकामाच चार-पाच किलोचा. भरला की पंधरा-वीस किलो. विहिरीवरून असे दोन दोन हंडे ती डोक्यावर आणायची, उन्हाळ्यात दिवसाला सहा खेपा. ती आबांना एवढंच म्हणाली, "ज्याना डोकावर हंडा शे, त्यालेच वजन समजस." आबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. म्हणून कोणी "जुनं ते सोनं" म्हणायला लागलं की मी आधी विचारतो, त्या सोन्याचं ओझं कोण वाहत होतं?

आता आपल्याच भागातल्या दोन कंपन्यांकडे येतो. मुंबई-दिल्लीच्या कंपन्यांबद्दल सगळेच बोलतात.

पहिली अमळनेरची. २९ डिसेंबर १९४५ रोजी महम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. काम काय? तेलापासून वनस्पती तूप करायचं. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नंबरचा कपडे धुण्याचा साबण, ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना आठवत असेल. १९६६ साली प्रेमजी वारले. मुलगा अझीम अमेरिकेत शिकत होता, वय एकवीस, शिक्षण अर्धवट टाकून परत आला. भागधारकांच्या सभेत एकानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं की हे तुमच्यानं होणार नाही, विकून मोकळे व्हा. पुढे तीच कंपनी विप्रो झाली, तुपावरून संगणकावर गेली, आणि आपली सोसायटी ज्या साली नोंदली गेली त्याच २००० साली तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात गेले.

अमळनेरमध्ये अनेक साध्या घरांत तिचे शेअर होते. गावातली कंपनी म्हणून घेतलेले, पेटीच्या तळाशी ठेवलेले. कंपनीनं अनेकदा बोनस शेअर दिले, आणि ज्यांनी कागद नुसता ठेवून दिला त्यांची पोरं-नातवंडं श्रीमंत झाली. माझ्या मावशीच्या यजमानांकडेही थोडे होते. त्यांनी मुलीच्या लग्नात विकले. पुढे आयुष्यभर ते म्हणायचे, "त्या लग्नात मी वाढलेला एकेक लाडू आज लाखाचा आहे." त्या लग्नाला मी होतो. मी सहा लाडू खाल्ले होते. त्यांनी मला ते कधी विसरू दिलं नाही.

यातून मी काय शिकलो? ७८७ साबण आम्हीही वापरायचो. अमळनेरच्या त्या घरांनीही वापरला. फरक एवढाच की आम्ही गिऱ्हाईक होतो आणि ते गिऱ्हाईकही होते, मालकही होते. कंपनी मोठी झाली तेव्हा गिऱ्हाईकाच्या हातात साबणाचा फेस राहिला. दुसरी गोष्टही सांगतो, नाहीतर चित्र अर्धं राहील. कंपनीचा जन्म अमळनेरचा, पण भरभराट बंगळुरूची. आपली हुशार पोरंही तिकडेच गेली. अझीम प्रेमजींनी २०१९ मध्ये कंपनीतल्या आर्थिक मालकीचा सुमारे ६७ टक्के वाटा समाजकार्यासाठी दिल्याचं जाहीर झालं, याबद्दल आदरच आहे. पण एखाद्या गावात एवढं मोठं झाड उगवलं, तर सावली कुठे पडते हेही बघावं लागतं.

दुसरी कंपनी जळगावची, जैन. भवरलाल जैन मूळचे वाकोदचे, जामनेर तालुक्यातले. सरकारी अधिकारी होता आलं असतं, ते सोडून १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला. पुढे पपईच्या चिकापासून पेपेन काढलं, १९८० मध्ये पीव्हीसी पाईप, मग ठिबक, मग केळीची टिश्यू कल्चरची रोपं. मी फिरतीवर असताना डोळ्यांनी पाहिलंय. ज्या रानात पाटानं पाणी सोडून पोरगं रात्रभर बॅटरी घेऊन बारे द्यायचं, तिथे काळ्या नळ्या आल्या आणि पोरगं रात्री घरी झोपायला लागलं. हा बदल लहान नाही. तो घामाचा नि झोपेचा बदल आहे.

पण त्याच पाईपनं आबांचा धंदाही बसवला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी समजत होतो प्लास्टिकच्या घागरीनं बसवला. घागर निमित्त होती. खरा बदल म्हणजे पाणी घरात चालत आलं. नळ स्वयंपाकघरात आला आणि हंडा फळीवर गेला. पाणी आणायचंच नाही तर हंडा कशाला? त्यात स्टील आलं. घासायला सोपं, कल्हई नको. कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा, कथलाचा हात फिरला की काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं, आम्ही पोरं बघत उभी राहायचो. स्टील आल्यावर तोही दिसेनासा झाला. कोणा एका कंपनीनं ठरवून आपल्या तांबट आळीला मारलं असं नाही. पन्नास चांगल्या गोष्टी एकेक करून आल्या, आणि त्यात एक चांगली गोष्ट गेली.

मग माझा राग कशावर आहे? आहे, राग आहे. तो वस्तूवर नाही, काही सवयींवर आहे. आतला माणूस म्हणून तीन सांगतो.

पहिली सवय, गुपचूप कमी करण्याची. पार्ले-जीचं उदाहरण घ्या, कारण ते सर्वांच्या प्रेमाचं आहे, माझ्याही. १९२९ साली विलेपार्ल्यात सुरू झालेली कंपनी, आणि आजारी माणसाला, बाळंतिणीला, एसटीत रडणाऱ्या पोराला, सर्वांना चालणारं बिस्किट. लहान पुड्याची किंमत वर्षानुवर्षं चार रुपये, मग पाच रुपये. गरिबाला परवडावं म्हणून किंमत धरून ठेवली, हे खरंच. पण पूर्वी शंभर ग्रॅमच्या आसपास असलेला पुडा आता त्याच्या जवळपास निम्म्यावर आलाय. वजन पुड्यावर छापलेलं असतं, म्हणजे लबाडी नाही. पण चहा पिता पिता वजन कोण वाचतं? किंमत वाढली तर माणूस ओरडतो, बिस्किट कमी झालं तर त्याला वाटतं आपली भूक वाढली. हे एकट्या पार्लेचं नाही, साबण, चिवडा, चहा, सगळ्यांचंच. आमच्या मीटिंगमध्येही बादलीचा पत्रा... माफ करा, जुनी जीभ... बादलीची जाडी कमी करायचा विषय निघायचा. बादली दिसायला तीच, फक्त कडी लवकर निघायची.

दुसरी सवय, टाकाऊ करण्याची. आबांच्या भांड्याला मोड होती. हंडा पन्नास वर्षं वापरून चेपला तरी तोलून घ्यायचे, मोडीचे पैसे यायचे, घडणावळ दिली की नवा हंडा. अडीअडचणीला तोच हंडा सावकाराकडे जायचा आणि पोराची फी भरली जायची. बाईच्या रुखवतातली भांडी ही तिची बँक होती. मी विकलेल्या बादलीला फुटल्यावर मोड किती? भंगारवाला एक मूठ लसूण देतो. आता तर एक रुपयाची शाम्पूची पुडी. एका अंघोळीची वस्तू, आणि तिचं वेष्टन मात्र आपल्या नातवाच्या नातवापर्यंत गटारीत. मागच्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीची गटार तुंबली तेव्हा आम्ही चार जणांनी हातानं साफ केली. काय निघालं ते सांगून जेवणाची चव घालवत नाही.

तिसरी सवय, आधी फुकट मग विकत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. सुरुवातीला बोलणं फुकट, नेट फुकट. वाईट झालं का? मुळीच नाही. पुण्यात असलेल्या मुलीचा चेहरा मला रोज दिसायला लागला, सोनगीरचा पोरगा घरबसल्या परीक्षेचे क्लास बघू लागला. पण फुकट संपलं तोवर आपली सवय लागली होती, आणि बाजारात कंपन्या उरल्या मोजक्या. आज रिचार्जचे दर वाढले तर जाणार कुठे? पाण्याचंही तेच. १९६९ साली पार्लेच्याच चौहान घराण्यानं एका इटालियन माणसाची बिसलेरी कंपनी चार लाखात घेतली, तेव्हा लोक हसले असतील की पाणी कोण विकत घेईल? आज पाव्हणा आला की आपण हातात बाटली देतो. आपल्या आयांनी जे डोक्यावरून आणलं आणि वाटसरूला पुण्य म्हणून पाजलं, ते आपण सील फोडून पितो.

पाण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. कंपनी नावाजलेली, नाव सांगत नाही. वर्षाचा करार केला, पैसे आगाऊ भरले. तिसऱ्या महिन्यात यंत्र बंद. फोन लावला तर बाई म्हणते हिंदीसाठी एक दाबा. दाबलं. मग दोन दाबा, मग नऊ दाबा. अकरा दिवस मी आकडे दाबले. ज्या माणसानं यंत्र बसवलं तो म्हणाला, "काका, मी कंपनीचा नाही, मी ठेकेदाराचा." ठेकेदार म्हणाला, मी एजन्सीचा. एजन्सी म्हणाली, करार वरच्या ऑफिसचा. माझे पैसे सगळ्यांपर्यंत पोहोचले होते, माझी तक्रार कोणापर्यंतच नाही. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, मग हालचाल झाली. हा नंबर घरी फ्रिजवर लिहून ठेवा. १९१५.

तेव्हा मला आबा आठवले. त्यांचा हंडा गळला तर बाई तो कडेवर घेऊन थेट आमच्या ओट्यावर यायची आणि शिव्यांपासून सुरुवात करायची. आबा मान खाली घालून डाख मारून द्यायचे. तक्रार करायला तोंड समोर होतं. कंपनीनं आपल्याकडून काय नेलं असं मला कोणी विचारलं, तर मी म्हणेन, ते समोरचं तोंड नेलं.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. कंपनी आणि सहकारी संस्था यात फरक काय? मी कॉमर्सचा विद्यार्थी, एका वाक्यात सांगतो. कंपनीत जेवढे शेअर तेवढी मतं, सहकारात एक माणूस एक मत. प्लॉट मोठा असो की छोटा, मत एकच. पंचवीस वर्षांपूर्वी इथे बाभळी होत्या आणि पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. बोअर, टाकी, पाईपलाईन, रस्ता, सगळं आपण वर्गणी काढून, सभेत भांडून केलं. सभेत इतकं भांडलो की एका वर्षी इतिवृत्त लिहिणाऱ्याची वही फाटली. तरी पाणी आलं.

सहकार म्हणजे सगळं गोड असं मी म्हणत नाही. आपल्या खान्देशातल्या पतसंस्थांत ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना सहकार शब्द ऐकला तरी घाम येतो. सहकार का बुडतो? जेव्हा सभासद गिऱ्हाईक बनतो. सभेला यायचं नाही, हिशेब वाचायचा नाही, फक्त तक्रार करायची. गेल्या वार्षिक सभेला कोरम नव्हता म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घेतली. मग आपल्यात आणि नऊ दाबायला लावणाऱ्या बाईत फरक काय राहिला?

शेवटचा मुद्दा, आणि यात थोडी माझी हार आहे. आज प्रत्येक घराला आठवण म्हणून एक वस्तू मिळणार आहे. कार्यकारिणीत मी ठराव मांडला की सोनगीरच्याच कारागिराकडून तांब्याचा तांब्या करून घेऊ. जे दोन-चार हात अजून चालतात त्यांना महिनाभर काम मिळेल. दुसरा ठराव होता स्टीलच्या बाटलीचा, एका नामवंत कंपनीच्या, ऑनलाईन मागवलेल्या. मी बरंच बोललो. मतदान झालं. बाटली सात, तांब्या चार.

मला राग आला. घरी जाऊन जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी एका सदस्य ताई घरी आल्या. म्हणाल्या, "काका, तांब्या फळीवर जाईल. बाटली माझा मुलगा रोज शाळेत नेईल. आणि फरक माणशी तीनशे रुपयांचा आहे, तो मी टाकी दुरुस्तीला मागणार आहे." मी आईचा हंडा आठवला आणि गप्प बसलो. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझंही नव्हतं. पण विचारलं तर कारण सांगायला माणूस दारात आला, हे मला कुठल्या कंपनीत मिळालं असतं?

जाता जाता चार गोष्टी. वस्तू घेताना किंमतीआधी वजन वाचा, आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति नग किंमतही छापलेली असते, ती बघा. बिल घ्या. वाण्याकडे उधारी असेल तर रोख खरेदीही त्याच्याकडेच करा, रोख ऑनलाईन आणि उधार गल्लीत असं नको. आणि सभेला या.

आणखी एक. मी माझ्या पेन्शनमधून अकरा तांबे करून घेतलेत, आपल्याच आळीतल्या कारागिराकडून. खाली, मठाराजवळ, मी त्याला त्याचं नाव ठोकायला सांगितलं. आधी तो लाजला. म्हणाला, "भाऊ, आमनं नाव कोन वाचस?" मी म्हटलं, माझा नातू वाचेल. ते अकरा तांबे आज दहावी-बारावीत पास झालेल्या आपल्या अकरा मुलांना द्यायचे आहेत. मुलांनो, पाणी प्या, पण त्यात ताक आणि चिंचेचं सार ठेवू नका, तांब्याला आंबट चालत नाही. आणि पन्नास वर्षांनी मोडीत काढायची वेळ आली तर तोलून घ्या, फसू नका.

वीस मिनिटांची तीस झाली. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघतायत आणि मागून वांग्याच्या भरताचा वास येतोय.